चाळीस पावलं

अताया, कर्कना बेटं
२८ सप्टेंबर

प्रिय जाजिया,

मामाचा सलाम आणि आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं ऑगस्टमधलं पत्र मिळालं त्याच दिवशी मी उत्तराला बसलो होतो. दोन ओळी झाल्या आणि मनात आलं, बिझर्तेला तुझ्या संस्थेत एखाद्या मोठ्या साहेबाने हे पत्र तुझ्याआधी उघडलं तर? म्हणून ते फाडलं. मग झावळ्या रोवायचे दिवस आले. मग कंबर धरली. आज मबरूका मामी म्हणाली, "पोरीला लिहा, नाहीतर ती समजेल तुम्ही गेलात." म्हणून लिहितोय. मी गेलेलो नाही.

तू लिहिलंस, "मामा, एकदा फोन तरी उचल." पोरी, स्पंज काढायला बुड्या मारून मारून माझे दोन्ही कान गेले हे तू विसरलीस का? फोन उचलून मी काय करू, त्याचा वास घेऊ? मामीचा फोन तर विहिरीत पडलाय, तो अजून तिथेच आहे.

आता कामाचं. यंदा कुणाची शरफिया कुठे आहे ते काढून पाठव म्हणालीस. सरकारी नकाशातल्या शरफिया वीस वर्षांपूर्वीच्या आहेत हे खरंच आहे. आम्ही दर वर्षी उन्हाळा सरला की मासे धरायला समुद्रात झावळ्यांची भिंत रोवतो आणि दर वर्षी ती थोडी इकडची तिकडे होते. सरकार मात्र जागचं हलत नाही. म्हणून सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर सगळ्या भिंती काढून सोबत जोडल्या आहेत. शेजारच्या खमाइसची भिंत लाल शाईने काढली, कारण ती माझ्या डोळ्यांत खुपते. माझी भिंत पांढऱ्या खडकापासून दोनशे पावलं. माझ्या आजोबांच्या वेळी होती तेवढीच. त्यात काही फरक नाही. मुद्दाम लिहितोय, कुणी विचारलं तर तुला सांगता यावं.

तुझ्या यंत्राबद्दल वाचून माझी झोप उडाली आहे. ते एकटंच पाण्यात जाणार, दोर नाही, माणूस नाही, आपलं आपण ठरवत फिरणार, असं तू मोठ्या आनंदाने लिहिलं आहेस. मी बुडी मारायचो तेव्हा वर नावेत तुझे आजोबा दोर धरून बसलेले असायचे. दोन झटके दिले की वर ओढायचे. तुझ्या यंत्राचा दोर कुणी धरला आहे? हे एकदा साहेबांना विचारून ठेव.

वाळवलेला ऑक्टोपस पाठवतोय. पोस्टातल्या बाईने नाक धरून पुडकं दोनदा बांधायला लावलं. जवाच्या कण्यांत घालून खा. तू नीट जेवत नाहीस, हे तुझ्या अक्षरावरून कळतं.

तुझा मामा,
बूरावी

*

बिझर्ते
९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पुडकं मिळालं. म्हणजे आधी वास मिळाला, मग पुडकं मिळालं. आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस खिडक्या उघड्या आहेत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून तो खाल्ला आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.

तुझा नकाशा पाहून आमचा सलीम म्हणाला, "उपग्रहाने काढलेल्यापेक्षा हा बरा आहे." तुझ्या सगळ्या भिंती मी यंत्राच्या डोक्यात घातल्या आहेत. लाल शाईची सुद्धा. आता ती त्यांच्या जवळपासही फिरकणार नाही.

'ती' म्हणतेय, कारण तिचं नाव मी 'हनिया' ठेवलं आहे, आईचं. बेटावर जन्मून आईने आयुष्यात कधी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पाय घातला नाही. तिच्या नावाने कुणीतरी तळ बघून यावं, एवढंच मनात होतं. चिडला नाहीस ना?

दोर कुणी धरला आहे ते सांगते. तूच. मी सात वर्षांची असताना मला खांद्यावर घेऊन तू शरफियेच्या भिंतीपर्यंत चालत जायचास, आठवतं? मी विचारलं होतं, "मामा, मासा भिंतीला धडकल्यावर काय करतो?" तू म्हणालास, "शहाणा असेल तर किनाऱ्याकडे वळत नाही. खोल पाण्याकडे वळतो. खोल पाण्यात जीव वाचतो." मी हनियाला पहिला नियम तोच शिकवला आहे. अनोळखी भिंत लागली, की खोल पाण्याकडे वळ. परदेशी यंत्रं अशा वेळी थांबतात आणि वरून हुकूम यायची वाट बघतात. आमची थांबत नाही. आमच्या सगळ्या कामाचं डोकं त्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य तुझं आहे.

२१ तारखेला अतायाच्या उत्तरेला आम्ही तिला बोटीवरून सोडू. तीन दिवस ती एकटी समुद्राखालच्या गवताची कुरणं मोजत फिरेल आणि २४ ला सीदी यूसुफच्या धक्क्यापाशी आपण होऊन वर येईल. २० नोव्हेंबरला समिती बसणार आहे. हनिया नकाशा घेऊन परत आली तर काम पुढे चालू. नाही आली तर आमचा विभाग बंद. सहा जणांची चार वर्षं पाण्यात, आणि मग बाहेरून एक तयार यंत्र विकत आणतील, जे भिंत दिसली की थांबून हुकमाची वाट बघेल.

बोट तुझ्या घरासमोरून जाईल, पण उतरता येणार नाही. हात हलवीन. तूही हलव.

तुझी
जाजिया

*

अताया
२९ ऑक्टोबर

प्रिय जाजिया,

सलाम आणि आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला. इकडे सगळं ठीक आहे. माझी तब्येत ठीक, मामी ठीक. शेळी ठीक. काहीही विशेष घडलेलं नाही.

तुझी बोट पाहिली. मी हात हलवला. तू हलवलास का ते दिसलं नाही, पण कुणीतरी टोपी हलवत होतं.

थोडे प्रश्न विचारायचे होते. माझे नाहीत. गावात लोक बोलत असतात, खमाइस पण बोलत असतो, म्हणून सहज विचारतो. असं एखादं यंत्र, समज, पाण्याबाहेर राहिलं, तर त्याला काही होतं का? त्याच्यावर ओलं पोतं टाकावं का? सावलीत ठेवावं का? त्याचा पिवळा दिवा विझत विझत गेला, तर ते मेलं असं समजायचं का? आणि ज्या माणसाला असं काही सापडलं, त्याचा काही हेतू नसेल, तर त्याला धरून नेतात का? तो माणूस म्हातारा असेल तर? हे खमाइस विचारत होता. म्हणजे खमाइससारखे लोक.

आणखी एक. मामी म्हणते, सात दिवस झाले, गोठ्यात कसली तरी शिट्टी वाजते. थोडी थांबते, पुन्हा वाजते. मला तर काही ऐकू येत नाही, त्यामुळे माझं मत विचारात घेऊ नकोस. मी तिला म्हटलं, शेळीला सर्दी झाली असेल. ती म्हणाली, "पंचावन्न वर्षं झाली लग्नाला, शेळी आणि शिट्टी यातला फरक मला कळतो."

तुझं ते सीदी यूसुफला वर आलं का? आलंच असेल. यंत्रं हुशार असतात. नसेल आलं तर लगेच काळजी करू नकोस. समुद्रात गेलेली वस्तू कधी कधी उशिराही सापडते.

आणि समितीचे लोक दयाळू आहेत ना?

तुझा मामा,
बूरावी

*

बिझर्ते
४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

हनिया परत आली नाही.

दहा दिवस आम्ही बोटीवर होतो. तुझं पत्र आज हातात पडलं. २२ तारखेला सकाळी चार मिनिटं तिची खूण आम्हाला मिळाली होती. अतायाचा किनारा, तुझं घर आणि खमाइसचं घर यांच्या मधोमध. मग अचानक बंद. कुणी पातेल्यावर झाकण ठेवावं तशी. लाट आली असेल, यंत्र बिघडलं असेल, असं सलीम म्हणत होता. आता तुझं पत्र वाचून मला सगळं कळलं.

मामा, तू फार भला आहेस. खमाइसचं नाव घ्यायचं नाही म्हणून तू 'खमाइससारखे लोक' लिहिलंस. त्याच्या घरी ओलं पोतं आणि पिवळा दिवा आहे, हे मला तू किती हळुवारपणे सांगितलंस! तुझी आणि त्याची तीस वर्षांची अढी, तरी त्याला धरून नेतील का म्हणून तू काळजी करतोस. तुझ्या भिंतीत ती अडकणं शक्यच नाही, ती तिच्या नकाशात पावलांसकट आहे. तेव्हा तो खमाइसच. मी कोस्टगार्डला कळवलं आहे. उद्या-परवा ते त्याच्या घरी जातील.

पण खरं सांगू? ती सापडली तरी माझं समाधान व्हायचं नाही. ज्या भिंती मी तिला सांगितल्या होत्या त्यांपासून ती लांब राहायलाच हवी होती. ती किनाऱ्याजवळ आली, याचा अर्थ तिने चुकीचं ठरवलं. म्हणजे तिचा पहिला नियम चुकीचा आहे. मी समितीसाठी अहवाल लिहायला घेतला आहे. पहिलंच वाक्य आहे, 'यंत्राची निर्णयपद्धती मुळातच सदोष आहे.' चार वर्षांचं काम एका ओळीत बसलं.

तुझं वाक्य होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. सात वर्षांच्या पोरीला गोष्ट सांगावी तसं तू सांगितलं होतंस. मी त्याचं यंत्र बनवून बसले. तुझा काहीच दोष नाही.

शेळीला ओवा दे.

जाजिया

*

अताया
११ नोव्हेंबर

प्रिय जाजिया,

हे पत्र हनियाच्या पाठीला दोरीने बांधून पाठवतोय. म्हणजे तू वाचायला घेशील तेव्हा ती तुझ्यासमोर असेल आणि निम्मा राग तिला बघून गेला असेल, अशी आशा आहे. उशीर केला. या वेळी उशिराची क्षमा मागायची मला लाज वाटते, कारण वीस दिवस ती माझ्या गोठ्यात होती.

तुझा अहवाल आधी फाड. मग पुढे वाच.

२२ तारखेला सकाळी मी शरफियेत मासे काढायला गेलो. झावळ्यांच्या शेवटच्या खोलीत, जिथून मासा टोपलीत उतरतो तिथे, मध्ये ती होती. पिवळी, आपल्या शेळीएवढी लांब, नाक टोपलीच्या तोंडात खुपसलेलं. आजूबाजूला तीस-बत्तीस बोई आणि दोन काळपट साळपे मासे. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. खोल पाण्याकडे.

पोरी, ती चुकली नाही. मी खांद्यावर बसवून तुला जे सांगितलं ते पूर्ण खरं होतं, पण अर्धं होतं. शहाणा मासा भिंत लागली की खोल पाण्याकडे वळतो. आपले आजे-पणजे हे जाणून होते, म्हणून त्यांनी भिंतीचं खोल पाण्याकडचं टोकच सापळा केलं. भिंत माशाला अडवत नाही, नुसती वाट दाखवते. पहिल्या खोलीत गेला की तो पुन्हा खोल पाण्याकडे वळतो, तिथे दुसरी खोली. पुन्हा वळतो, तिथे टोपली. मूर्ख मासा किनाऱ्याकडे वळतो आणि वाचतो. आमची शरफिया शहाण्यांसाठी आहे. तू सात वर्षांची होतीस, तुला माशांची दया यायची, म्हणून पुढचं सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

आता विचारशील, भिंत तर तिच्या नकाशात होती. नव्हती. माझी भिंत दोनशे पावलं नाही, दोनशे चाळीस आहे. तीन वर्षांपूर्वी मी चाळीस पावलं वाढवली. वरची चाळीस पावलं खमाइसच्या पाण्यावरून जातात. त्याच्याकडे जाणारा मासा माझ्याकडे वळतो. सगळ्यांच्या भिंती मी तुला खऱ्या काढून दिल्या, एक माझी सोडून. म्हटलं, सरकारी संस्थेत कागद जाणार, परवाना काढून घेतील. समुद्र एवढा मोठा, तुझं यंत्र नेमकं त्या चाळीस पावलांतच कशाला येईल? ती तिथेच आली.

मी घाबरलो. तिला ओल्या पोत्यात गुंडाळून जुन्या लोखंडी पिंपात घातलं आणि वर झाकण लावलं. तू झाकणाचं लिहिलंस तेव्हा माझ्या हातातून पत्र पडलं. शिट्टी तिची होती. अख्ख्या आळीला ऐकू जात होती, फक्त ज्याने लपवली त्याला नाही.

कोस्टगार्डचे तीन जण खमाइसकडे आले. जाळी उपसली, कोंबड्यांचं खुराडं उचकटलं, त्याच्या बायकोच्या पेटीतले कपडे बाहेर काढले. तो एवढा ओरडत होता की मलाही ऐकू गेलं, "समुद्रात आपलं आपण चालणारं यंत्र माझ्या घरात? अहो, माझ्या घरातली सायकल चालत नाही!" त्याला सफाक्सला नेलं, दिवसभर बसवलं आणि संध्याकाळच्या बोटीने परत पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या दारासमोर स्टूल टाकून बसू लागला. नुसता माझ्या गोठ्याकडे कान करून बसायचा.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याला हळूच सगळं सांगितलं. मला हळू बोलता येत नाही हे माझ्या लक्षातच राहत नाही. माझाच आवाज मला कुठे ऐकू येतो? बंदरावरच्या लोकांनी जाळी विणायची थांबवली, असं मामी म्हणाली. मी सांगून संपवलं तेव्हा खमाइस माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "तीन वर्षं मी बायकोला सांगतोय की मासे कमी झाले! ती म्हणते, तूच आळशी झालास!" आणि रडायला लागला. म्हणाला, "बूरावी, आता चल आणि हे तिच्यासमोर बोल." गेलो, बोललो. मासे तर मासे, पण आळशी म्हटल्याचं त्याला जास्त लागलं होतं.

उद्याच्या बोटीने मी आणि खमाइस मिळून हनियाला सफाक्सला तुमच्या कचेरीत पोहोचवतोय. तिला पुसून घेतलं आहे. मामीने तिच्या नाकाला तेल लावलं, ते चुकीचं असेल तर काढून टाक. तिच्या पोटात माझ्या चाळीस पावलांचा नकाशा असेलच. तो पुसू नकोस, आहे तसा समितीला दे. माझं काय व्हायचं ते होईल.

हनिया बहीण असती तर तिने माझ्या पाठीत लाटणं घातलं असतं. तिच्या नावाची होती म्हणून मी पिंपात तिच्याखाली उशी ठेवली होती, एवढं तरी लक्षात घे.

तुझा,
बूरावी

*

बिझर्ते
२३ नोव्हेंबर

मामा,

तीन दिवस तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते संपले.

सरकारशी तू खोटं बोललास, ते मी समजू शकते. सगळं बेट बोलतं. पण तो नकाशा तू सरकारला दिला नव्हतास, मला दिला होतास. पिंपाजवळ बसून तू मला 'समितीचे लोक दयाळू आहेत ना' असं विचारलंस! ते वाक्य मी सलीमला वाचून दाखवलं, तो हसला. मी नाही हसले. बरं, आता हसले.

समितीत काय झालं ऐक. मी सगळं खरं सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या यंत्रात आणि बोई माशात फरक काय?" मी म्हटलं, "बाई, बोई मासा परत येऊन अहवाल देत नाही." मग हनियाच्या पोटातला नकाशा पडद्यावर लावला. मामा, शरफियेचं असं चित्र आजवर कुणी पाहिलेलं नाही. माशाच्या डोळ्यांनी काढलेलं, भिंत, पहिली खोली, दुसरी खोली, टोपली, एक एक झावळी मोजलेली. एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "हे यंत्र फसलं नाही, हे यंत्र पाहुणचाराला गेलं होतं."

विभाग बंद होणार नाही, असं जवळजवळ ठरलं आहे. दोन अटी आहेत. पहिली, पुढच्या वर्षापर्यंत हनियाने शरफियेतून आपलं आपण बाहेर पडायला शिकायचं. तिला ते कोण शिकवणार, हे तुला कळलंच असेल. दुसरी, तिचा नकाशा खरा आहे का ते समुद्र खात्याच्या अधिकाऱ्याने जागेवर येऊन पडताळायचं. तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येईल. नकाशात दोनशे चाळीस पावलं आहेत, तर पाण्यात दोनशे चाळीस दिसली पाहिजेत. त्याने 'नकाशा बरोबर' असं लिहिलं की आम्ही वाचलो. तुला बोलणी खावी लागतील, कदाचित परवान्यावर शेरा येईल. त्याबद्दल मला माफ कर. मी अध्यक्षबाईंना सांगितलं आहे की माणसाने आपण होऊन कबूल केलं.

म्हणून एकच सांगते. भिंतीला हात लावू नकोस. एक झावळीसुद्धा उपटू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तुझी लबाडी माझ्या कामाची आहे.

खमाइसकाकांना माझ्याकडून माफी सांग. हळू सांग. नको, मीच लिहीन.

जाजिया

ता. क. नाकाचं तेल निघत नाही.

*

अताया
१७ डिसेंबर

प्रिय जाजिया,

सलाम आणि आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, पण या वेळी दोष माझा नाही. म्हणजे दोष माझाच आहे, पण उशिराचा नाही. वारा सुटला होता, सफाक्सची बोट नऊ दिवस बंद होती. तुझं पत्र मला ७ तारखेला मिळालं. अधिकारी ६ तारखेला नौदलाच्या होडीतून येऊन गेला. आणि चाळीस पावलं आम्ही २५ नोव्हेंबरलाच उपटली होती.

काय करणार होतो? कबूल केल्यावर भिंत तशीच ठेवायची? खमाइसने स्वतः मदत केली. मी उपटायचो, तो मोजायचा. एकशे बारा झावळ्या. प्रत्येक झावळीला तो "ही माझी" म्हणायचा. शेवटची निघाली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. दहा-अकरा दिवस मला शांत झोप लागली. आयुष्यात एवढा प्रामाणिक मी कधी झालो नव्हतो, आणि बघ त्याचं काय झालं.

अधिकारी तरुण होता, गुडघ्यापर्यंत बूट. तुझा नकाशा उघडून तो पाण्याकडे बघायचा, पुन्हा नकाशाकडे. मामी त्याचं बोलणं माझ्या कानात ओरडून सांगत होती.

तो म्हणाला, "काका, कागदावर चाळीस पावलं भिंत आहे. पाण्यात नाही. म्हणजे यंत्र चुकलं."

मी म्हटलं, "यंत्र नाही साहेब, मी चुकलो. ती भिंत होती. मी चोरून वाढवली होती. मी लबाड आहे, लिहून घ्या."

तो म्हणाला, "यंत्र बनवणारी बाई तुमची कोण?"

मी म्हटलं, "भाची."

तो मान हलवत हसला. "मग बरोबर आहे."

तेव्हा खमाइस पुढे झाला. "साहेब, मी या माणसाचा शत्रू आहे. तीस वर्षांचा. सगळ्या गावाला विचारा. याच्यासाठी मी खोटं बोलेन का? भिंत माझ्या पाण्यात होती."

अधिकारी म्हणाला, "शत्रू आहात, तर एका होडीतून कसे आलात?"

त्याने वहीत लिहिलं, 'यंत्राला अस्तित्वात नसलेली भिंत दिसली.' मामीने वाचून दाखवलं. सबंध जन्म मी लबाडी झाकण्यात घालवला, कुणी शंका घेतली नाही. आता मी ती उघड करतोय तर कुणी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, चला, उपटलेल्या झावळ्या दाखवतो. त्या गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. जाऊन बघतो तर शेळीने पुरावा निम्मा खाल्लेला.

पण मी हात जोडले, मामी रडली, आणि खमाइसने त्याला भिंत उपटल्याची भोकं दाखवली. रेतीत, पाण्याखाली, एका ओळीत. तेव्हा तो म्हणाला, "भोकं कशाचीही असू शकतात. पण ठीक आहे. १० जानेवारीपर्यंत वही वर पाठवत नाही. तुमच्या भाचीने यंत्र घेऊन यावं. त्या यंत्राने आपलं आपण, माझ्यासमोर, ही भोकं आपल्या जुन्या नकाशावर बरोबर बसवून दाखवली, तर मी ओळ खोडेन."

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी भोकं भरायला लागली. रेती कुणाचं ऐकते? मी आणि खमाइस एका सकाळी बारा भोकं उकरायचो, तोवर आदली बारा बुजायची. मग खमाइसला सुचलं. ऑक्टोपस धरायची मातीची मडकी आमच्या दोघांकडे पडून होती. एकेका भोकात एकेक मडकं रुतवलं, तोंड वर. एकशे बारा. आता भोकं बुजत नाहीत. चाळीस पावलांची ओळ स्वच्छ दिसते.

फक्त एक झालं आहे. हंगाम आहे, मडकं रिकामं दिसलं की ऑक्टोपस घर करतो. काल मोजलं, एकोणीस मडक्यांत बिऱ्हाडं आली आहेत. मी आणि खमाइस रोज वरून होडीने जातो, वाकून बघतो, आणि हात मागे घेतो. एकही मडकं उचलायचं नाही, असं ठरलं आहे. उचललं की ओळ मोडली. भरलेलं मडकं तसंच ठेवून घरी जाणारा माझ्या घराण्यात मी पहिलाच. तो अधिकारी हे बघायला आला असता, तर त्याला पटलं असतं की इथे काहीतरी खरं आहे.

तिला बाहेर पडायला मी शिकवीन. सोपं आहे. दोनदा खोल पाण्याकडे वळूनही भिंतच लागली, तर तिसऱ्यांदा मूर्खासारखं किनाऱ्याकडे वळायचं. मूर्ख मासे असेच वाचतात. पण हे शिकवताना माशांच्या देखत नको. भरती उतरल्यावर, खोल्या रिकाम्या असताना शिकवू. पुढेही आम्हाला जगायचं आहे.

सोबत नवा नकाशा आहे. या वेळी माझी भिंत लाल शाईने काढली आहे. दोनशे पावलं. खमाइसने पावलं मोजून खाली सही केली आहे आणि त्याच्या बायकोनेही.

मामीने तुझ्यासाठी खाट बाहेर काढली आहे. हनियासाठी पिंप घासून ठेवलं आहे. झाकण मी समुद्रात टाकलं.

कोणत्या बोटीने येतेस ते लगेच कळव. एकोणीस साक्षीदार पाण्यात बसवून ठेवले आहेत, आणि खमाइसची बायको रोज विचारते, चुलीवर पाणी कधी ठेवू? त्यांना मी किती दिवस धरून ठेवणार? पोरी, उत्तराला माझ्यासारखा उशीर करू नकोस.

तुझी वाट बघणारा,
मामा